धावत गेलेला बाप



या पानावर आपण दर आठवड्याला पेरणी, खत, फवारणी आणि बाजारभाव यांबद्दल बोलतो. आज पोराबाळांबद्दल बोलायचे आहे. निमित्त आहे अंजनगाव सुर्जीकडून आलेल्या एका भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, "भाऊ, संत्र्याचे झाड वाळू लागले तर तुम्ही उपाय सांगता. माझा चौदा वर्षांचा पोरगा बापाला पाहिले की वाळतो. हाती येईल त्या वस्तूने ते त्याला मारतात. स्वभावाने वाईट नाहीत. छडी नसली की पोरगे बिघडते, असे त्यांचे म्हणणे. यावर काही औषध आहे का?"

ताई, औषध सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की हा रोग माझ्या घरात होऊन गेला आहे. रोगी माझा मुलगा नव्हता. रोगी मी होतो.

विहिरीच्या काठावरची रात्र

२०१६ सालची गोष्ट. मी तेव्हा अकोल्याला नोकरीवर होतो आणि घर गावी, चांदूर बाजार तालुक्यात. दर शनिवारी गावी यायचे, रविवारी शेत पाहायचे, सोमवारी पहाटे परत. दोन दिवसांत घराला शिस्त लावायची म्हणून माझा आवाज नेहमी चढलेला असे. त्याआधीच्या हिवाळ्यात मुलाच्या हातून विहिरीवरची मोटार जळाली. एक फेज गेलेली होती, त्याने न पाहता खटका दाबला. वाइंडिंगला साडेतीन हजार रुपये लागले. गोठ्यात बैलाची तुतारी टेकवून ठेवलेली होती, तिच्याच दांड्याने मी त्याला मारले. नंतर नऊ दिवस त्याच्याशी बोललो नाही. शिस्त लागली असे मला वाटले.

जून महिन्यात दहावीचा निकाल लागला. पोरगा गणितात गेला. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गावी आलो होतो. दुपारी तो मित्राकडे जातो म्हणून गेला आणि रात्री नऊ वाजले तरी आला नाही. मित्रांची घरे झाली, एस.टी. स्टँड झाला, गोठा झाला, कडब्याची गंजी झाली. मग कोणी काही न बोलता आम्ही सगळे शेताकडे वळलो.

विहिरीच्या काठावर उभे राहून मी टॉर्च आत धरला. वऱ्हाडातल्या बापाने रात्री विहिरीत उजेड टाकून पाहणे म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला होता. पाणी शांत होते. तिथून शेजारच्या दुसऱ्या विहिरीवर गेलो, मग तिसऱ्या.

पहाटे पाच वाजता तिच्या माहेरून फोन आला. पोरगा रात्रभर बारा किलोमीटर चालत मामाच्या गावी पोहोचला होता.

चहाच्या टपरीवर ऐकलेली गोष्ट

शोधायला आलेल्यांत माझे एक जुने सहकारी होते. अचलपूरचे, ख्रिस्ती कुटुंबातले. निरोप मिळताच त्यांच्याच मोटारसायकलवर आम्ही निघालो. आणि एक गोष्ट खरी सांगतो. पोरगा सापडला हे कळल्यावर पहिली लाट आनंदाची आली, पण निम्म्या वाटेवर दुसरी लाट आली ती रागाची. गावात शोभा झाली, रात्रभर माणसे फिरली, बाईने अन्नाला हात लावला नाही.

सहकाऱ्यांनी एका टपरीसमोर गाडी थांबवली. म्हणाले, "भाऊ, पोहोचल्यावर पहिले काय करणार?"

मी म्हणालो, "दोन ठेवून देईन. मग बोलू."

"मग आधी चहा घ्या. आमच्या पुस्तकातली एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, ती ऐका. मग तुमच्या मनाप्रमाणे करा."

ती गोष्ट बायबलात लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. येशूने सांगितलेली. बरेच लोक तिला उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल, पण शेतकरी म्हणून पुन्हा ऐका.

एका खात्यापित्या शेतकऱ्याला दोन मुलगे. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली. त्या लोकांच्या कायद्यात मोठ्या मुलाला दोन हिस्से आणि धाकट्याला एक मिळायचा. बाप हयात असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवण्यावरून होणाऱ्या भांडणांत रोज दिसते. बापाने हिस्सा देऊन टाकला. पोराने तो विकला, परमुलखात जाऊन उडवला. मग तिकडे दुष्काळ पडला. पोटासाठी तो डुकरे राखू लागला. यहुदी माणसाला डुकराचा विटाळ, त्यामुळे याहून खालची पायरी नव्हती. डुकरांपुढच्या शेंगा खाऊन पोट भरावे असे त्याला वाटे, पण तेही मिळेना. तेव्हा त्याने ठरवले, घरी जावे आणि मुलगा म्हणून नाही तरी गडी म्हणून ठेवून घ्या असे बापाला सांगावे. बोलायचे शब्द त्याने मनात घोकून ठेवले.

आता बापाकडे पाहा. पोरगा अजून दूर होता तेव्हाच बापाला तो दिसला. याचा अर्थ बाप वाटेकडे डोळे लावून बसत होता. दिसताच तो धावत सुटला. त्या काळी अंगात पायघोळ झगे असत. मोठ्या घरचा म्हातारा माणूस झगा वर धरून, पाय उघडे टाकून, गावादेखत धावत नसे. हा धावला. आणि हेही लक्षात घ्या, की जुन्या मोशेच्या कायद्यात हट्टी, उधळ्या मुलाला गावाने दगडांनी मारावे अशीही तरतूद होती. ऐकणाऱ्यांना ती पाठ होती. गावाच्या आधी बाप पोहोचला आणि त्याने पोराला मिठीत घेतले. पोराने घोकलेले शब्द बोलायला सुरुवात केली. गडी म्हणून ठेवा, हे वाक्य तोंडातून निघण्याआधीच बापाने माणसांना हाका मारल्या. चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला. गडी अनवाणी असत, जोडे घरच्या मुलाच्या पायात. शब्द न वापरता बापाने त्याला सांगून टाकले की तू गडी होणार नाहीस.

सहकारी एवढे सांगून थांबले. मी विचारले, "आणि हिशेब? उडवलेल्या पैशांचा?"

ते म्हणाले, "हिशेब आहे ना. उरलेले शेत मोठ्याचेच आहे, असे बाप स्वच्छ सांगतो. गेलेला हिस्सा परत आला नाही. नुकसान पोराने भोगलेच. पण घराचे दार नुकसानीत धरले नाही."

गोष्ट तिथे संपत नाही. मोठा मुलगा शेतातून दमून येतो, गाण्या-बजावण्याचा आवाज ऐकतो आणि रुसून बाहेर उभा राहतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडू कापले नाही, असे त्याचे म्हणणे. खोटेही नाही. बाप पुन्हा उठतो आणि त्याच्यासाठीही बाहेर येतो. त्याला रागावत नाही, समजावतो. एका दिवसात तो म्हातारा दोनदा घराबाहेर गेला, एकदा बिघडलेल्यासाठी आणि एकदा शहाण्यासाठी. मोठा आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

मामाच्या घरी पोहोचलो तेव्हा पोरगा दाराआड उभा होता. मी काही धावलो नाही, तेवढे बळ पायात नव्हते. त्याने मान खाली घालून सुरुवात केली, "बाबा, म्या..." मला त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. मी एवढेच विचारले, "जेवला का?"

तो रडायला लागला. मीही.

चार दिवसांनी, बांधावर बसलेले असताना, त्याने मला सांगितले ते मी विसरलो नाही. "बाबा, माराचं मले भेव नव्हतं. तुम्ही नऊ दिवस बोलले नाही ना, त्याचं भेव होतं. आता तर दहावीच गेली, आता किती दिवस बोलणार नाही, असं वाटलं."

एक वर्ष अजून

त्यानंतर मी सहकाऱ्यांकडून ते पुस्तक मागून घेतले. मी माळकरी घरातला. धर्म बदलायला घेतले नव्हते आणि बदललाही नाही. पण वाचू लागलो तेव्हा मला नवल वाटले. पानोपानी शेतकरी आणि मेंढपाळ, विहिरी आणि दुष्काळ, भाऊबंदकी आणि वाटण्या. आपल्याच गावची माणसे जणू.

लूकच्याच तेराव्या अध्यायात एका अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. मळ्याचा मालक तीन वर्षे फळ पाहायला येतो, फळ नाही. तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतो. माळी विनवतो, यंदाचे वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणतो, खत घालतो, मग पाहा.

शेतकी खात्यातला माणूस म्हणून मला हा माळी फार आवडला. झाडात दोष आहे की नाही, यावर तो वाद घालत नाही. आपण अजून काय केलेले नाही, ते तो पाहतो. आळे खणलेले नाही, खत घातलेले नाही. फळ न देणाऱ्या झाडाला शिव्या दिल्याने ते फळाला आले, असे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिले नाही.

आम्ही पोराच्या गणिताभोवती खणून पाहिले. त्याला अपूर्णांकच येत नव्हते. सातवीतच गाडी अडलेली होती आणि पुढची तीन वर्षे तो नुसता मार चुकवत होता. मी मात्र गुणपत्रिका तेवढी पाहत होतो, वही कधी उघडली नव्हती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी महिनाभर त्याला अपूर्णांकांपासून शिकवले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो सुटला. फार गुण मिळाले नाहीत. आज तो ठिबक सिंचनाच्या जोडणीची कामे घेतो आणि मोटारीचा फेज तपासल्याशिवाय खटक्याला हात लावत नाही.

कोकरांच्या चालीने

बायबलाच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात, याकोब नावाचा मेंढपाळ येतो. त्याने भावाला फसवून घर सोडले होते. वीस वर्षांनी तो बायका-पोरे आणि कळप घेऊन परततो. भाऊ एसाव सूड घेईल अशी त्याला धास्ती, पण एसावच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. मग एसाव म्हणतो, चला, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. त्याचे कारण ऐका. पोरे कोवळी आहेत, मेंढ्या-गाई अंगावर पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी जास्त हाकलले तरी कळप मरेल. तू पुढे हो, मी पोरांच्या आणि जनावरांच्या चालीने सावकाश येतो.

सुगी झाल्यावर आपल्या शेतात धनगर मेंढ्या बसवायला येतात. त्यांचा कळप चालताना नीट पाहा. धनगर सगळ्यात तेज मेंढीच्या चालीने कळप नेत नाही. गाभण मेंढी आणि कालचे कोकरू यांच्या चालीवर नजर ठेवतो. कोकरू चाललेच नाही तर खांद्यावर घेतो. आपण मात्र घरातल्या पोराला शेजाऱ्याच्या पोराच्या चालीने हाकतो. त्याला नव्वद टक्के पडले, तुला काय झाले? त्या धनगराला शाळा मिळाली नसेल, पण हा धडा त्याला पक्का येतो.

मग छडीचे काय?

आता ताईंच्या मालकांचा प्रश्न. बायबलातच नीतिसूत्रे नावाचे पुस्तक आहे. जो छडी आवरतो तो मुलाचा शत्रू, अशा अर्थाचे वचन त्यात आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी ख्रिस्ती घरांत त्याच वचनाच्या आधाराने पोरांच्या पाठी लाल झाल्या, असे माझे सहकारीच सांगत. त्यांच्या आईने मात्र त्यांना दोन गोष्टी दाखवल्या होत्या, त्या तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. मूळ हिब्रू भाषेत छडीसाठी जो 'शेबेट' शब्द आहे, तोच शब्द दाविदाच्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे. तिथे मेंढरू म्हणते की त्या काठीने मला धीर येतो. आता धनगराची काठी आणि बैलाची तुतारी यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे. तुतारीला पुढे लोखंडी आर असते, ती मागून टोचायची, म्हणजे जनावर दुखण्यापासून पळत पुढे जाते. धनगराच्या काठीने लांडगा-कुत्रा हाकलला जातो, बाभळीची फांदी खाली ओढून शेंगा झाडल्या जातात, वाट चुकलेल्या मेंढीला हलकेच वळवले जाते. मेंढ्या त्या काठीच्या आसपास चरतात. आपल्या हातातली काठी पाहून पोर जवळ येते की पळते, एवढे प्रत्येकाने पाहावे. माझ्या घरी तर खरोखरीचीच तुतारी होती.

दुसरी गोष्ट. नीतिसूत्रांतली बरीच वचने शलमोन राजाच्या नावावर आहेत. त्या शलमोनाचा मुलगा रहबाम. तो गादीवर आला तेव्हा रयतेने येऊन सांगितले, तुमच्या बापाने आमच्या मानेवर जड जू ठेवले होते, ते थोडे हलके करा. म्हाताऱ्या सल्लागारांनी रहबामाला सांगितले, गोड बोल, ही माणसे जन्मभर तुझी राहतील. तरुण सोबत्यांनी सांगितले, बापापेक्षा जास्त कडक हो. त्याने सोबत्यांचे ऐकले आणि चाबकाच्या जागी विंचवांची भाषा केली. बारा वंशांपैकी दहा वंश त्या दिवशी फुटून गेले. राज्य पुन्हा एक झाले नाही. ज्या घरातून छडीचे वचन आले, ते घर कडकपणानेच मोडले, हे त्याच पुस्तकात लिहून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, श्यामच्या आईनेही मारले होते ना? होय. पोहायला भिऊन माळ्यावर लपलेल्या श्यामला तिने शिमटीने मारले. पण साने गुरुजींनी पुढचेही लिहिले आहे. वळांना तेल लावताना तिचेच डोळे भरून आले. श्यामला जन्मभर काय पुरले, शिमटी की ते तेल, याचे उत्तर ते सगळे पुस्तकच आहे. शाळेत तर आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदीच आहे. घरात कायद्याची वाट कशाला पाहायची?

पहाटे हळूच उठवलेली मुलगी

या गोष्टी साध्या मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घातली, त्या पंडिता रमाबाई. त्यांचे स्वतःचे लहानपण पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवणे पाप समजत त्या काळी त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला. दिवसभर घरकाम, पाहुणे, विद्यार्थी, म्हणून शिकवायला वेळ मिळे तो पहाटेचाच. १८८७ साली अमेरिकेत निघालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्या पहाटेचे वर्णन आहे. झोपेने जड झालेल्या पोरीला आई अंथरुणातून अलगद उचलून घेई, लाडाच्या शब्दांनी जागी करी आणि पाखरांची किलबिल सुरू असताना धडा म्हणून घेई. अशा रीतीने त्या पोरीला भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. छडीशिवाय अभ्यास होत नाही म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण मनात ठेवावे.

१८७४ च्या सुमाराला दुष्काळात आई-वडील दोघेही गेले. पुढे १८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यावरून महाराष्ट्रात वादळ झाले, तो इतिहास निराळा. आपल्याला पाहायचे आहे ते १८९६-९७ च्या दुष्काळाचे. तेव्हा त्या आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, अनाथ अशा शेकडो मुली-बायका पुण्याकडे घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे शाळा होती, शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. भुकेने रानटी झालेल्या पोरींना सांभाळणे किती कठीण असेल, याची कल्पना करा. ज्यांचे कोणी नाही त्यांना आधी घर द्यायचे आणि मग वळण, हा त्या कामाचा क्रम होता. त्याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना समजावे म्हणून सोप्या मराठीत. काम संपले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुस्तक तिथल्याच छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर आले.

ख्रिस्ती मंडळी या मायेला कृपा म्हणतात. कमावलेली नसताना मिळते ती कृपा. आपण वारकरीही विठोबाला माउली म्हणतो ते याच अर्थाने. देवाकडून ही माया मागायची आणि पोराला मात्र मजुरीच्या दराने द्यायची, हा हिशेब माझा मलाच पटेनासा झाला.

ताण किती द्यायचा?

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पोरांना मोकाट सोडायचे का? मुळीच नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली नावाचा म्हातारा पुजारी आहे. त्याचे दोन मुलगे लोकांच्या अर्पणातले मांस दांडगाईने घेत, वाईट वागत. एली तोंडाने थोडे बोलला, पण त्याने त्यांना थांबवले नाही. ते घर बुडाले. लाड करून गप्प बसणे ही माया नव्हे, हे त्या पुस्तकात तितक्याच कडकपणे सांगितले आहे.

वरुड, मोर्शी, चांदूर बाजारच्या संत्रावाल्यांना हे समजावणे सोपे आहे. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावाच लागतो. पाणी तोडल्याशिवाय फूल येत नाही. पण ताण देणारा शेतकरी रोज बागेत जातो. हलक्या जमिनीत ताणाचे दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. पाने मलूल होऊन गळू लागली की थांबायचे. आणि ताण तोडताना एकदम पाट सोडायचा नाही, आधी हलके पाणी, मग पुढच्या पाळ्या. ताण देऊन महिनाभर बागेकडे न फिरकणाऱ्याच्या हाती शेवटी सरपण येते. माझे ते नऊ दिवस तसेच होते. ताण दिला आणि पाण्याची पाळी विसरलो.

घरात करून पाहण्यासारखे

मी स्वतः चुकत-माकत जे करतो, ते सांगतो. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही लागू आहे.

१. आधी भाकर, मग हिशेब. उपाशी, दमलेल्या किंवा घाबरलेल्या पोराला जाब विचारू नये. एलीया नावाचा संदेष्टा थकून, मरण मागत रानात झुडपाखाली निजला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिले, दोनदा भाकर खाऊ घातली. बोलणे त्यानंतर.

२. चुकीला नावे ठेवावी, पोराला ठेवू नये. "मोटार जळाली, कारण फेज पाहिला नाही," हे बोलणे कामाचे. "तू बिनकामाचा," हे ऐकून पोराच्या हाती काहीच लागत नाही.

३. भरपाई पोराच्याच हातून करवावी. मोटार जळाली तर त्याला वाइंडिंगच्या दुकानात बरोबर न्यावे, दिवसभर बसवावे. मार दहा मिनिटांत संपतो, हे शिक्षण पुरते.

४. अबोला रात्र ओलांडू नये. राग आला तर बाहेर चक्कर मारून या, पण निजण्याआधी दोन शब्द बोला.

५. दोन लेकरांत डावे-उजवे करू नये. याकोबाने एकट्या योसेफाला भारी झगा शिवला आणि बाकीच्या भावांनी त्याला खड्ड्यात टाकून विकले. तो झगा बापालाच महाग पडला.

६. आपण चुकलो तर पोरासमोर म्हणावे की चुकलो. मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जीभ जड झाली होती. पोरगा माझ्यापेक्षा जास्त लाजला. पण त्या दिवसापासून तो आपली चूक स्वतः येऊन सांगू लागला.

एक कामाची गोष्ट. पोर फार गप्प झाले, खाणे तुटले, जगण्यात काही नाही असे बोलू लागले, तर निकालाची किंवा सुगीची वाट पाहू नका. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दोन्ही सरकारी फोन फुकट आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यातही विचारा. बोंडअळी दिसल्यावर आपण शेजाऱ्याला लाजत नाही, इथेही लाजू नये.

ताई, तुमच्या मालकांना हे वाचून दाखवा, पण भांडणाच्या सुरात नको. तेही कदाचित कोणाच्या तरी तुतारीखालून मोठे झाले असतील. मी झालो होतो. त्यांच्यासाठीही कोणीतरी घराबाहेर यायला हवे. त्यांना सांगा, की पत्राचे उत्तर देणाऱ्या माणसाने एका रात्री तीन विहिरींत उजेड टाकून पाहिला आहे. आमच्या गोठ्यात आता ती तुतारी नाही. तिचा दांडा मी टमाट्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला, त्या वर्षी वेल चांगला चढला.

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे शेतावर भेटू. तुमचे अनुभव कळवा. आणि आज संध्याकाळी पोरगा शाळेतून, शेतातून किंवा कुठूनही घरी आला, तर पहिला प्रश्न जेवला का, हाच विचारा.

तुमचा,
कृषी अधिकारी